आईला आयएलडी, आता किती दिवस?

प्रश्न : आईला आयएलडी (फुप्फुसाच्या आतल्या ऊतींचा आजार) निघालाय, डॉक्टर म्हणाले कबुतरांमुळे झालेला एचपी (श्वासातून गेलेल्या कणांच्या अ‍ॅलर्जीने फुप्फुसाला येणारी सूज) आहे. नेटवर वाचलं की पेशंट ३ ते ५ वर्षंच जगतो. खरंय का हे? झोप उडालीय.

उत्तर : ताई, आधी तो आकडा डोक्यातून काढा. तो आयपीएफ नावाच्या वेगळ्या प्रकाराचा आहे, तोही औषधं यायच्या आधीचा आणि सरासरी. आयएलडी म्हणजे दोनशेच्या आसपास आजारांचं एकच आडनाव समजा, प्रत्येकाची चाल वेगळी. एचपीत मुख्य प्रश्न एकच, सीटी स्कॅनमध्ये फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसात पडलेला व्रण, आहे का? नसेल आणि कबुतरं खरंच बंद झाली, म्हणजे बाल्कनीला जाळी, विष्ठा साफ (ती आईंनी अजिबात करायची नाही), तर फुप्फुस बरंचसं सावरू शकतं. फायब्रोसिस असेल तर झालेला व्रण जात नाही, पण काहीजण वर्षानुवर्षं स्थिर राहतात, आणि वाढत गेला तर निन्टेडॅनिब या औषधाने वेग कमी होतो. दर ३ ते ६ महिन्यांनी पीएफटी (फुप्फुसाची ताकद मोजणारी फुंकायची तपासणी) चुकवू नका, त्यातला एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेल्या हवेचं माप) घसरतोय का तेच बघायचं असतं. आणि धाप अचानक वाढली तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.