"लग्न आत्ता लावतो, नांदायला अठराला पाठवतो", चालतं का हो ताई?

हा प्रश्न मला वर्षातून कितीतरी वेळा येतो आणि दसरा जवळ आला की जास्तच. म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय.

बीडकडची बाई, नवराबायको दोघं ऊसतोडीला जातात, पोरगी दहावीत, साडेसोळा वर्षांची. स्थळ आलेलं, सुपारी पण फुटलेली. मी काय केलं तर सरळ कायदा सुरू केला. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, मुलगी १८ मुलगा २१, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड, बाईला कैद नाही पण दंड सुटत नाही, आणि नांदायला कधी पाठवता याच्याशी कायद्याला काही देणंघेणं नाही, अक्षता पडल्या की झाला गुन्हा, जेवून जाणारे पाहुणे पण अडकू शकतात. बाई नुसती मान हलवत होती. सोबत मुलीचा मामा, त्याने मोबाईल पुढे केला, "मॅडम, अमेरिकेत सोळाला चालतंय की."

आता तो अगदीच चुकीचा नव्हता हो. तिकडे प्रत्येक राज्याचं वेगळं, कॅलिफोर्नियात कोर्टाने हो म्हटलं तर किमान वयच नाही, आणि अठराच्या आत अजिबात नाही असं पहिल्यांदा ठरवलं डेलावेअरने, ते पण २०१८ ला! इंग्लंडमध्येही आईबापाच्या संमतीने सोळाला व्हायचं, फेब्रुवारी २०२३ पासून बंद झालं. मी म्हटलं दादा, शेजारी नेपाळात मुलीला पण २० लागतात, ते नाही का दाखवत मोबाईलवर? तो गप्प झाला आणि मला उगीच बरं वाटलं, पण बाईपर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं, ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची, तळहातावर कोयत्याचे घट्टे.

मग मामाला चहा सांगायला पाठवलं आणि विचारलं, तुम्ही तोडीला गेल्यावर पोरगी झोपते कुठं?

तेव्हा बोलली. "आजीजवळ. पण म्हातारीला रातचं दिसत न्हाई. दाराला कडी न्हाई, आतून दोरी बांधतेत. मागल्या साली कुणीतरी दार वाजवून गेलं. सहा म्हैने मी फडात आन् जीव इकडं. काय झालं तर लोक मलाच बोलणार, बापाला न्हाई."

जावई काय करतो? "तोडीलाच."

मग लग्न झाल्यावर ती कुठं झोपणार?

बराच वेळ गेला. मग म्हणाली, "कोपीत." म्हणजे तोडीवरची तात्पुरती झोपडी.

नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवर मिळते, म्हणून तर मुलाकडच्यांना दिवाळीच्या आत लग्न उरकायचं होतं. हे तिलाही माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्त. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत राज्यात वीस ते चोवीस वयाच्या शंभर जणींमागे साधारण बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं, बीडमध्ये चाळीसच्या वर, ते आकडे मी भाषणात सांगत फिरते आणि दाराची दोरी मात्र विचारायला विसरते.

पुढचं सगळं धावपळीचं. ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहं आहेत, तिथे नंबर लावला, त्याला कामगाराचं ओळखपत्र लागतं, ते ग्रामसेवक देतो. आणि गावात बालविवाह रोखणारा अधिकारी पण तोच! सही करताना त्याने बाईकडे एकदा पाहिलं फक्त. सुपारी मोडल्यावर भावकीत बोलाचाली झाली, बाप आठ दिवस बोलला नाही बायकोशी.

ज्यांच्याकडे लग्न लागूनच गेलंय त्यांच्यासाठी एवढंच, मुलीला नको असेल तर वयाची वीस पूर्ण व्हायच्या आत कोर्टात जाऊन ते रद्द करून मागता येतं, उशीर करू नका.

ही पोरगी बोर्डाच्या परीक्षेला बसली. आईचा फोन यायचा कारखान्यावरून, रात्री उशिरा, मागे ट्रॅक्टरचा आवाज, "कडी हाय ना तिथं?" एवढंच विचारायची.

डिसेंबरात सहज म्हणून विचारलं, त्या मुलाचं काय झालं हो. म्हणाली जमलं की, शेजारच्या तालुक्यात, परवाच हळद हाय. मुलगी कितवीत? "नववीत म्हणं."

फोन ठेवला आणि मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ लावला.