तुळजापूरची लेक आणि कवड्यांचं वर्गीकरण

तुळजापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. समुद्री गोगलगायींचं, त्यातही कवड्यांचं वर्गीकरण शिकायचं म्हणते. ते विचारतात, 'मराठवाड्यात समुद्र नाही, मग हे कसं जमायचं? आणि पोटापाण्याचं काय?'

नमस्कार. समुद्र लागेल तो एम.एस्सी.ला. आत्ता लागतात त्या कवड्या तुमच्या गावात, आईच्या माळा विकणाऱ्या दुकानांत आहेत. पाठ न घासलेल्या पन्नासेक मागून घ्या. त्यांत दोन जाती मिळतील: मोनेटारिया ॲन्युलसच्या पाठीवर नारिंगी कडं असतं, मोनेटारिया मोनेटाच्या कडा गाठाळ असतात. ओवण्यासाठी पाठ घासली की कडं जातं आणि ओळख चुकते. व्हर्नियर कॅलिपरनं लांबी, रुंदी, उंची घ्यायची, खालच्या फटीच्या दोन्ही ओठांवरचे दात वेगवेगळे मोजायचे आणि वहीत तक्ता करायचा. शे-दोनशे नोंदी झाल्या की डोळा बसतो.

वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये मोनेटाला नाव दिलं सायप्रिया मोनेटा. पुढं तिचा वंश (जवळच्या जातींचा गट) बदलून मोनेटारिया झाला, कूळ (वंशांचा मोठा गट) सायप्रिइडीच राहिलं. नुसत्या कवचावर भरवसा ठेवता येत नाही, हे त्यामागचं कारण. कोवळ्या कवडीचा ओठ पातळ असतो, दात नसतात, वरचा पीळ उघडा दिसतो. नवखा माणूस तिला भलत्याच कुळात टाकतो. म्हणून प्रावार (कवचावर पसरणारी मऊ त्वचा), जिभेवरच्या दातांची पट्टी (प्रत्येक ओळीत सात) आणि डीएनए तपासतात. नमुना फॉर्मलिनमध्ये टाकला की डीएनए खराब होतो. अख्खी कवडी अल्कोहोलमध्ये बुडवली तर प्राणी आत आक्रसतो, अरुंद तोंडातून अल्कोहोल पोचत नाही आणि मांस कुजतं. पायाचा तुकडा कापून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. ठिकाण, तारीख पेन्सिलीनं लिहावी. ठिकाणाविना नमुन्याला फारशी किंमत नाही.

उदगीरचा मत्स्यविज्ञान पदवी अभ्यासक्रम बारावीनंतरचा आहे, आता तिकडं वळून वर्षं घालवू नका. पदवीनंतर गोवा किंवा कोचीला सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी., सोबत सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेची तयारी. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं मुख्यालय कोलकात्यात, पुणे-चेन्नईतही केंद्रं आहेत. खरं सांगतो, निव्वळ वर्गीकरणाच्या जागा मोजक्याच. म्हणून डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखणं) आणि संख्याशास्त्र तिनं आत्तापासून शिकावंच.

सुट्टीत तिला रत्नागिरीला न्या, अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला, शिक्षकांसोबत. जिवंत काही उचलू नये. काही कवड्या-शंखांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. दगड उलटला तर होता तसाच ठेवावा. खाली अंडी असतात, आणि कवडीची मादी त्यांच्यावर बसून असते.