बंबलबीचे लोकस हार्डी-वाइनबर्गमध्ये बसत नाहीत तेव्हा

तुम्ही लिहिलंय की हिमाचलमधल्या एकाच उतारावरून बॉम्बस हिमोरॉयडॅलिस या बंबलबीच्या (जाड, केसाळ माशी) ६० माश्या धरल्या, १० मायक्रोसॅटेलाइट लोकस (डीएनएवरच्या ठरावीक जागा, जिथे छोटा तुकडा पुन्हापुन्हा येतो) चालवले आणि बहुतेक लोकस हार्डी-वाइनबर्ग संतुलनात (मुक्तपणे जुगणाऱ्या संख्येत अपेक्षित असलेलं जनुकीय प्रमाण) बसत नाहीत. एवढ्यावरून लोकस बाद करू नका. बिघाड कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा.

हेटरोझायगोट (एका लोकसवर दोन वेगळे अलील, म्हणजे दोन वेगळी रूपं, असलेल्या माश्या) जास्त असतील आणि लोकस एकमेकांशी जोडलेले दिसत असतील, तर बहुधा सख्ख्या बहिणीच जाळ्यात आल्यात. बहुतेक बंबलबी जातींत राणीचं मीलन एकाच नराशी होतं. नराकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे त्याच्या सगळ्या मुलींना बापाकडून तंतोतंत तेच अलील मिळतात. बहिणींमधलं जनुकीय नातं ०.७५, म्हणजे सरासरी तीन चतुर्थांश जनुकं सामाईक. 'कॉलनी' या नाती शोधणाऱ्या प्रोग्राममध्ये हॅप्लोडिप्लॉइड पर्याय (नराकडे एक संच, मादीकडे दोन) घेऊन मादी एकाच नराशी जुगते असं धरा, बहिणींचे गट काढा, गटागणिक एकच माशी ठेवा. मगच हार्डी-वाइनबर्ग आणि एफएसटी (ठिकाणाठिकाणांतल्या जनुकीय फरकाचं माप) पुन्हा काढा. संवर्धनात मोजायची ती घरटी. दर घरट्याला एक राणी आणि एक नर धरला तर परिणामी संख्या (जनुकीयदृष्ट्या प्रत्यक्ष भरणारी संख्या) फार तर घरट्यांच्या दीडपट येते. २० घरटी म्हणजे ३०, मग फुलांवर शेकडो माश्या का दिसेनात.

दिसणाऱ्या माश्या आणि परिणामी संख्या यांतला हा फरक किती महागात पडतो ते बॉम्बस सबटेरेनियस या बंबलबीने दाखवलं. ब्रिटनमध्ये ती शेवटची १९८८ मध्ये डंजनेसला नोंदली गेली. तिचे वंशज न्यूझीलंडमध्ये होते, १८८५ मध्ये इंग्लंडहून नेलेल्या राण्यांचे. मायक्रोसॅटेलाइटवरून अंदाज निघाला की तिथली सगळी संख्या जेमतेम दोन राण्यांपासून वाढलेली असावी. म्हणजे जनुकीय विविधता फारच थोडी. म्हणून शेवटी २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा सोडायला राण्या आणल्या त्या स्वीडनमधल्या स्कोनेहून.

उलट होमोझायगोट (दोन्ही अलील सारखे असलेल्या माश्या) जास्त असतील तर कारणं वेगळी. एकाच लोकसवर हेटरोझायगोटचा तुटवडा असेल तर नल अलील: प्रायमर बसायच्या जागीच बदल झाल्यामुळे एक अलील वाढतच नाही. सगळ्याच लोकसवर असेल तर नमुन्यात नर मिसळलेत का ते पाहा; एकच संच असल्याने ते होमोझायगोटसारखेच दिसतात. मादीच्या स्पर्शिकेला १२ खंड, नराच्या १३. नराला नांगी नाही, परागटोपलीही नाही. नर नसतील तर दोन दिसायला सारख्या जाती एकत्र झाल्या असतील. प्रत्येकाचा ६५८ बेसचा सीओआय बारकोड (जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) करून घ्या.

पुढच्या वेळी माशी मारू नका. मधल्या पायाच्या टार्ससचं (पायाच्या शेवटच्या भागाचं) टोक पुरतं. ते निर्जल इथेनॉलमध्ये ठेवा, डीएनए काढणीआधी इथेनॉल पूर्ण उडू द्या. ५ टक्के चेलेक्स (धातूचे आयन धरणारे बारीक मणी) १०० मायक्रोलिटर आणि प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं विकर) चालतं, पण पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती वाढवायच्या क्रियेसाठी) फक्त वरचं द्रावण घ्या. एखादा मणी जरी आला तरी तो मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि पीसीआर कोरडा जातो.

आणि नर सापडलेच तर फेकू नका, त्यांचेही लोकस चालवा. दोन किंवा जास्त लोकसवर हेटरोझायगोट आलेला नर डिप्लॉइड (दोन संचांचा) असतो, म्हणजे लिंग ठरवणारे दोन्ही अलील सारखे पडलेत. छोट्या, आतल्या आत जुगणाऱ्या संख्येची ही सगळ्यांत थेट खूण आहे. मात्र पीसीआर पुन्हा करूनच मान्य करा, कारण शेजारच्या नळीतला डीएनए मिसळला तरी हुबेहूब असंच दिसतं.