वाचकांचे प्रश्न : पहिली रात्र, ‘पडदा’ आणि राहून गेलेली तपासणी

प्रश्न : मी २० वर्षांची असून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुळशीच्या लग्नानंतर माझे लग्न आहे. शाळेत असताना मी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळत होते. आमच्या भावकीत लग्नानंतर पहिल्या रात्रीची चादर सासरच्या बायका पाहतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत बहिणीच्या चादरीवर काही दिसले नाही, त्याचे टोमणे ती अजून ऐकते आहे. माझे कोणाशीही संबंध आलेले नाहीत, तरी मला रात्र रात्र झोप लागत नाही. मावशी म्हणते, शहरात डॉक्टर टाके घालून देतात, ते करून घ्यावे. रक्त आले नाही तर मी काय करू?

उत्तर : थेट उत्तर आधी देते. पहिल्या संबंधाच्या वेळी रक्त येणे आणि न येणे या दोन्ही गोष्टी सारख्याच नैसर्गिक आहेत आणि त्यांपैकी कशावरूनही मुलीचा पूर्वी कोणाशी संबंध आला होता की नाही हे सांगता येत नाही. मला सांगता येत नाही, जुन्या जाणत्या सुईणीला येत नाही, कोणत्याही तज्ज्ञाला येत नाही.

‘पडदा’ या शब्दानेच पुष्कळ घोटाळा केला आहे. तो ऐकला की दारावर ताणून बसवलेले आणि एकदा फाटले की फाटलेच, असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात योनिपटल म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेली पातळ, मऊ अस्तराची एक घडी असते. तिला जन्मतः छिद्र असते. ते नसते तर पाळीचे रक्त बाहेर आलेच नसते. (क्वचित एखाद्या मुलीला हे छिद्र नसते. मग वयात आल्यावर दर महिन्याला पोटात कळा येतात, पण रक्त दिसत नाही. अशा मुलीला वेळीच डॉक्टरांकडे न्यावे, छोट्या शस्त्रक्रियेने ती बरी होते.) ही घडी कोणाची वळ्यासारखी गोल असते, कोणाची चंद्रकोरीसारखी, कोणाची अगदी नाममात्र. वयात येताना संप्रेरकांमुळे ती लवचीक होते आणि ताणली जाऊन पुन्हा पूर्ववत होऊ शकते. २००४ मध्ये अमेरिकेतील एका बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भवती असलेल्या ३६ किशोरींची तपासणी झाली होती. त्यांपैकी फक्त २ मुलींमध्ये संबंध आल्याची निश्चित खूण सापडली. ज्यांच्या पोटात मूल आहे त्यांच्याबाबत ही स्थिती, तर चादर पाहून कोण काय सांगणार?

कबड्डीचा उल्लेख तुम्ही एखाद्या कबुलीसारखा केला आहे. खेळताना किंवा सायकल चालवताना पडदा फाटतो असे सांगून मुलीची बाजू घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि त्यामागचा हेतू चांगलाच असतो. मी मात्र ती सबब तुमच्या हाती देणार नाही, कारण सबब पुढे केली की पुरावा मागण्याचा समोरच्याचा हक्क आपण मान्य करून बसतो.

टाक्यांविषयी मावशींना सांगा की त्या शस्त्रक्रियेने आरोग्याला काडीचाही लाभ नाही. भूल, जखम आणि जंतुसंसर्ग यांचा धोका आहे, पैसे जातात, आणि एवढे करूनही रक्त येईलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

तुमच्या आरोग्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. भीती असली की योनीभोवतीचे स्नायू आखडतात, ओलावा येत नाही आणि मग दुखते, खरचटते. पहिल्या रात्रीचे म्हणून जे रक्त मिरवले जाते त्यातले कितीतरी रक्त या घाईचे आणि जबरदस्तीचे असते. त्याच रात्री संबंध आला पाहिजे असा कोणताही नियम नाही. थकवा असेल, मन तयार नसेल, तर नको म्हणावे, आणि नवऱ्याने ते ऐकावे. थोडे रक्त आले तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र तासाभरात पॅड भिजेल इतका स्राव झाला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

मी एका ग्रामीण रुग्णालयात काम करत असताना एक सासू नव्या सुनेला घेऊन आली होती. सुनेच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. सासूने पिशवीतून घडी घातलेली चादर काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि ‘तपासून तसा कागद द्या’ असे सांगितले. मी त्यांना बाहेर बसवले. मुलगी बराच वेळ हातातला हिरवा चुडा मागेपुढे सरकवत राहिली आणि मग तिने अगदी हळू आवाजात विचारले की लघवीला तीन दिवसांपासून जळजळ होते आहे, त्यावर गोळी मिळेल का. तो मूत्रमार्गाचा साधा संसर्ग होता. नवविवाहितांमध्ये तो नेहमी आढळतो आणि औषधाने लवकर बरा होतो. तीन दिवस त्रास अंगावर काढून तिने तो लपवला होता, कारण खालच्या अंगाविषयी शब्द काढला तर त्याचा अर्थ काय लावला जाईल याची तिला धास्ती होती. कागद अर्थातच मी दिला नाही. तो कोणत्याही डॉक्टरने देऊ नये.

हे केवळ माझे मत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांसह कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे आणि ती थांबवली पाहिजे असे सांगितले. आपल्याकडे सेवाग्राम येथील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी वैद्यकीय अभ्यासक्रमातील ‘कौमार्याची लक्षणे’ हा भाग अशास्त्रीय असल्याचे दाखवून दिले आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो वगळला. अत्याचारपीडित स्त्रियांवर केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’ (योनीत बोटे घालून केलेली तपासणी) करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी स्पष्ट केले. कंजारभाट समाजातील तरुण-तरुणींनी आपल्याच जातपंचायतीच्या कौमार्य चाचणीच्या प्रथेविरुद्ध उघड मोहीम उभारली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य सरकारने कौमार्य चाचणीला लैंगिक अत्याचार मानले जाईल असे जाहीर केले. अशा कारणावरून कोणाला वाळीत टाकल्यास महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो जुलै २०१७ पासून लागू असून त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कायद्याचा आधार असला तरी त्या सकाळी तुम्ही खोलीत एकट्या असाल, हे मला कळते. म्हणून लग्नाआधीच होणाऱ्या नवऱ्याशी बोला. ठरल्यापासून तुमचे फोनवर बोलणे होत असेलच. चादर कोणी पाहायची नाही, हे त्याने आपल्या आईला सांगायचे आहे आणि ते काम तुम्ही त्याच्यावरच सोपवा. तो हसून विषय टाळतो की नीट ऐकून घेतो, यावरून तुम्हाला त्याच्याविषयी पुष्कळ काही समजेल; ऐकून घेत नसेल तर लग्न लांबवण्याचा विचारही करा. आणि जमेल तेव्हा हे पान चुलत बहिणीला वाचून दाखवा. तिला हे दोन वर्षांपूर्वीच कोणीतरी सांगायला हवे होते.

प्रश्न : मी २५ वर्षांचा असून उसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतो. सध्या मुली पाहणे सुरू आहे. मला शुद्ध चारित्र्याची मुलगी हवी आहे. मुलगी कुमारी आहे की नाही, हे पहिल्या रात्री नवऱ्याला कसे ओळखता येते? माझे म्हणाल तर हंगामात बाहेरगावी असताना दोन-तीन वेळा संबंध आले. गेल्या वर्षी लिंगावर एक फोड आला होता, पण तो दुखत नव्हता आणि महिनाभरात आपोआप बरा झाला, त्यामुळे तो विषय संपला.

उत्तर : जो विषय तुम्ही संपला म्हणता, तोच तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आहे. न दुखणारा व्रण येणे आणि काही आठवड्यांत औषधाविना भरून जाणे, हे उपदंशाचे, म्हणजे सिफिलिसचे, नेहमीचे लक्षण आहे. व्रण भरला तरी जंतू शरीरातच राहतात. पुढे अंगावर, तळहातांवर, तळपायांवर न खाजणारे पुरळ येते आणि तेही निघून जाते. त्यानंतर वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही आणि माणूस स्वतःला बरा समजत राहतो. काही जणांच्या बाबतीत मात्र आजार हळूहळू हृदयापर्यंत आणि मेंदूपर्यंत पोचतो. बायकोला लागण झाली आणि तिला दिवस गेले, तर गर्भ पडणे, मूल मेलेले जन्मणे किंवा ते आजार घेऊनच जन्मणे, हे सारे घडू शकते.

तुम्हाला हाच आजार झाला आहे, असे मी पत्रावरून ठरवत नाही. ते रक्ताच्या साध्या तपासणीने कळते. जिल्हा रुग्णालयात, आणि कित्येक ठिकाणी उपजिल्हा रुग्णालयातही, लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. तेथे जाऊन फोडाची हकीगत जशी मला लिहिलीत तशीच सांगा आणि व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही रक्ताची तपासणी करून घ्या. आजार निघाला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनांनी तो पूर्ण बरा होतो. त्याच दिवशी आयसीटीसीमध्ये, म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्रात, एचआयव्हीची चाचणी करा. ती मोफत असते आणि एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्यानुसार, काही ठरावीक अपवाद सोडले तर, तुमच्या संमतीवाचून तिचा निकाल कोणाला सांगता येत नाही. शेवटच्या संबंधाला तीन महिने झाले नसतील, तर तेवढा काळ गेल्यावर चाचणी पुन्हा करावी. कावीळ ब साठीही रक्त तपासावे. जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा क्रमांक आहे. निकाल हाती येईपर्यंत कंडोमशिवाय कोणाशीही संबंध ठेवू नका.

आता तुमचा प्रश्न. नवऱ्याला ते ओळखता येत नाही. कारण वरच्या उत्तरात आले आहे. पण त्याहून पुढची एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. ज्या मुलीला तुम्ही पारखायला निघाला आहात, तिने आयुष्यात काय केले किंवा केले नाही याने तुम्हाला कोणताही आजार होणार नाही, जर तिच्या शरीरात तो जंतू नसेल. आणि तुमच्या शरीरात तो असेल, तर अत्यंत सोवळ्यात वाढलेल्या मुलीलाही तो पहिल्याच महिन्यात लागू शकतो. जंतू कोणाची अब्रू पाहत नाहीत. तुम्ही बाहेरगावी एकटे होतात, वय तरुण होते, जे झाले त्याबद्दल मी तुम्हाला फटकारणार नाही. फक्त ती दोन-तीन वेळची गोष्ट तुमच्यासाठी एका ओळीत मिटते आणि तिच्यासाठी मात्र तीच गोष्ट जन्माचा कलंक ठरते, यावर रुग्णालयाच्या बाकावर बसून निकालाची वाट पाहताना थोडा विचार करा.

मुलगी पाहायला जाल तेव्हा विचारण्यासारखे दोनच प्रश्न आहेत. तिचे वय १८ पूर्ण आहे का, आणि तिला हे लग्न हवे आहे का. पहिला प्रश्न मी सहज लिहीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले आढळले. ‘वय गेले की नाव खराब होते’ हीच भीती त्यातल्या कितीतरी घरांत असते. तेव्हा शाळेचा दाखला पाहा, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्या वडिलांकडून न घेता तिच्याकडून घ्या.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. गावातील १९ वर्षांची अविवाहित मुलगी माझ्याकडे तातडीची गर्भनिरोधक गोळी मागायला आली. मी दिली, पण गावाला कळले तर मीच पोरीला बिघडवले असे म्हणतील. मी चुकले का? ती १७ वर्षांची असती तर काय करायचे?

उत्तर : तुम्ही अगदी योग्य केलेत. ही गोळी संबंधानंतर जितकी लवकर घ्यावी तितकी चांगली, आणि जास्तीत जास्त ७२ तासांत. लग्नाचा दाखला पाहण्यात घालवायला तेवढा वेळ नसतो. ती घेण्यासाठी लग्न झालेले असण्याची अट कोठेही नाही. गर्भ राहिल्यास त्या बाबतीतही गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालानंतर अविवाहित सज्ञान स्त्रीला विवाहितेइतकाच सुरक्षित गर्भपाताचा अधिकार आहे.

तिला एवढे मात्र समजावून सांगा की तातडीची गोळी दर खेपेला घेण्यासाठी नसते आणि तिच्याने लैंगिक आजार टळत नाहीत. कंडोम द्या आणि ‘माला-एन’ किंवा आठवड्याच्या ‘छाया’ गोळीविषयी सिस्टरांशी तिची गाठ घालून द्या. पुढे बोलायला ‘मैत्री क्लिनिक’ आहे. १९ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठीच ते चालवले जाते.

ती १७ वर्षांची असती तर गोष्ट अवघड होती. १८ वर्षांखालील मुलीशी तिच्या इच्छेने आलेला संबंधही पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार गुन्हा ठरतो आणि तो कळवण्याची जबाबदारी माहिती असणाऱ्या प्रत्येकावर येते. म्हणून हे ओझे एकट्याने वाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विश्वासात घ्या. मुलीचे उपचार मात्र कोणत्याही कारणाने अडवू देऊ नका. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने किंवा तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना तिचे नाव देण्याची गरज नाही, असे त्याच २०२२ च्या निकालात म्हटले आहे. हे पालकांना आवर्जून सांगा, कारण नाव फुटण्याच्या भीतीनेच मुलींना भोंदू माणसांकडे नेले जाते.

सध्या तुमच्याकडे आलेल्या मुलीची पुढची पाळी कधी अपेक्षित आहे, ती तारीख लिहून ठेवा. त्या तारखेवर एक आठवडा उलटला तर तुमच्याजवळच्या गरोदरपणा तपासण्याच्या ‘निश्चय’ किटने तपासणी करा, आणि निकाल तिच्याखेरीज कोणालाही सांगू नका. तिच्या आईलाही, जोवर ती स्वतः ‘आईला सांगा’ म्हणत नाही.