‘सब्स्टन्स यूज’ म्हणजे व्यसन का?

इथल्याच एका ताईंनी विचारलंय, अमेरिकेतल्या गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतलं असलेल्या) बायकांवरचा संशोधनाचा पेपर मराठीत आणतेय, तर ‘इंटिमेट पार्टनर व्हायोलन्स’ला कौटुंबिक हिंसाचार आणि ‘सब्स्टन्स यूज’ला व्यसन लिहू का.

पहिलं नको. आपल्या 2005 च्या कायद्यातला कौटुंबिक हिंसाचार सासरच्या माणसांपर्यंत जातो, इथे मारणारा नवरा, सोबत राहणारा नाहीतर सोडून दिलेला मित्र, एका घरात असेलच असं नाही. ‘जोडीदाराकडून होणारी हिंसा’ लिहा, लांब होतं पण होऊ द्या.

आता व्यसन. यूज म्हणजे नुसतं घेणं, महिन्यातून एकदा घेतली तरी ते यूजच, म्हणून ‘दारू व नशेच्या पदार्थांचं सेवन’. आणि बायकांना प्रश्न विचारायचे असतील तर व्यसन शब्द तोंडातून काढूच नका. आमच्या इंदूरच्या रामबागेत शेजारच्या काकू मिश्री लावायच्या (आपली तंबाखूची, इंदुरात दुकानात मिश्री मागितली तर खडीसाखर देतात!), व्यसन आहे का विचारलं तर नाही म्हणाल्या असत्या, दात घासते म्हणायच्या. पण काकांचा हात उठला की त्या रात्री ओट्यामागची पत्र्याची डबी दोनदा उघडायची, ते झाकणाचं टक्क मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. त्या डबीला व्यसन म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही.

खरं तर संस्कृतात व्यसन म्हणजे संकटसुद्धा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या व्यसनांत मद्यपान आहे, आणि रागातून येणारी तीन वेगळी सांगितलीत, वाक्पारुष्य, अर्थदूषण, दंडपारुष्य, म्हणजे घालूनपाडून बोलणं, पैशाचं नुकसान करणं, मारहाण. आपल्या कायद्यातही शाब्दिक, आर्थिक, शारीरिक छळ आहेच की! म्हणजे तेव्हा मारणं हेही व्यसन होतं, आपण मात्र व्यसनी फक्त पिणाऱ्याला म्हणतो, आणि पिणारी बाई असली तर विचारूच नका.

हो, पेपरातल्या ‘एथ्निसिटी’ला वंश नको, अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेत हिस्पॅनिक आहात का हा प्रश्न वंशाच्या प्रश्नापेक्षा वेगळा होता. आपण सिंधी समाज, महाराष्ट्रीय समाज म्हणतो ना, तसं ‘वेगवेगळ्या समाजांतल्या बायका’ लिहा.