लिहिताना खांद्यावरून वाचणारी माणसं

प्रिय ताई,
काही वर्षांपूर्वी माझी पहिली कथा एका मासिकात छापून आली. कौतुक झालं. त्यानंतर एकही कथा पूर्ण झालेली नाही. रोज रात्री लॅपटॉप उघडते, पहिलं वाक्य लिहिते, वाचते आणि पुसते. ऑफिसचे अहवाल धडाधड लिहिते, पण कथेला हात घातला की बोटं अडतात. संपादकांनी पुढच्या महिन्यासाठी नवी कथा मागितली आणि मी होकार देऊन बसले. आता झोप उडाली आहे. माझ्यात एकच कथा होती का?
ता. क. त्या कथेतली बाई म्हणजे आपणच, असं वाटून आत्याने माझ्याशी बोलणं सोडलं. पण त्यालाही आता बराच काळ झाला.
– अडलेली

प्रिय अडलेली,

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू ता. क. मध्ये टाकून दिलीस. मी तिथूनच सुरू करते.

तुझी भाषा कुठेही गेलेली नाही, अहवाल लिहिताना ती हाताशी असते. डोक्यात विषय आहेत, असं तुझ्या पत्रावरून दिसतंच. फरक इतकाच की अहवालात घरातलं माणूस दुखावत नाही. कथेत ते दुखावू शकतं, हे तू एकदा अनुभवलं आहेस. म्हणून मला विचारावंसं वाटतं: ते पहिलं वाक्य तू पुसतेस ते वाईट उतरलं म्हणून, की ते वाचून कुणाला काय वाटेल म्हणून? आज रात्री पुसण्याआधी स्वतःला एवढं विचार. माझा अंदाज दुसऱ्या कारणाचा आहे.

तसं असेल, तर लिहिणं आणि छापणं हे दोन निर्णय एकमेकांपासून तोड. सध्या तू पहिल्याच ओळीला दोन्ही घेऊ पाहतेस, आणि तेवढा भार कुठल्याच ओळीला पेलत नाही. एक साधी वही घे. त्या वहीतलं काहीही कुणाला दाखवायचं नाही. संपादकांना नाही, जवळच्या मैत्रिणीलाही नाही. त्यात नेमकी तीच गोष्ट लिही जी लिहिता येणार नाही असं तुला वाटतं. खरी नावं घालून लिही. आत्याबद्दल असेल तर आत्याबद्दलच. राग असेल तर रागाने लिही.

छापण्याचा प्रश्न नंतर येतो आणि तोवर मजकूर बराच बदललेला असतो. वय बदलतं, घर बदलतं, पुरुषाची बाई होते, दोन माणसांचं एक होतं. हे केवळ ओळख लपवायला करायचं असतं असं नाही. कथेची स्वतःची गरज असते आणि ती खऱ्या माणसाला हळूहळू बाजूला सारते. सगळं करूनही ते माणूस उघड दिसत राहिलं, तर ती कथा वहीतच ठेवण्याचा हक्क तुला आहे. लिहिली म्हणून छापलीच पाहिजे असं थोडंच आहे!

आता त्या पुसण्याबद्दल. माइक रोझ या अमेरिकन अभ्यासकाने लिहिताना अडणारे आणि न अडणारे विद्यार्थी शेजारी ठेवून पाहिले. १९८०च्या त्याच्या लेखात एक मुलगी आहे: वाक्य लिहायचं, खोडायचं, दुसरं लिहायचं, त्यातलं अर्धं खोडायचं. तुझीच रात्र! त्याला दिसलं ते असं, की अडणाऱ्यांची कुवत कमी नव्हती. त्यांनी काही नियम फार घट्ट धरले होते. सुरुवातच वाचकाला पकडून ठेवणारी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्यातलाच एक. तो नियम तू मोड. सुरुवात सोडून दे आणि जो प्रसंग तुला स्पष्ट दिसतो तिथून लिही, मग तो शेवटचा का असेना. वही आणि पेन मी म्हणूनच सुचवलं. कागदावर खोडलेलं वाक्यही खाली दिसत राहतं आणि पुष्कळदा तेच कामाला येतं. आणखी एक: पुढे काय होणार हे माहीत असतानाच त्या दिवशी थांब. अमेरिकन कथाकार हेमिंग्वे तरुण लेखकांना हेच सांगायचा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

झोपेचं मात्र अंगावर काढू नकोस. लेखन सोडून इतर गोष्टींतूनही मन उडालं असेल, तर डॉक्टरांना भेट. ते दुखणं वेगळं आणि त्यावर वहीचा उपाय चालत नाही.

आत्याला जाऊन भेट, पण परवानगी मागायला जाऊ नकोस आणि ‘पुन्हा असं लिहिणार नाही’ असा शब्दही देऊ नकोस. तो शब्द पाळता येणार नाही, किंवा पाळलास तर लिहिता येणार नाही. कथेत ती खरंच होती का, हे तुलाच ठाऊक. असेल तर तसं सांग, तिला लागलं याचं वाईट वाटतं हेही सांग आणि मग तिचं ऐकून घे. ती मान वळवून बसली तरी तुझ्या बाजूने बोलणं झालेलं असेल.

संपादकांना उद्याच कळव की पुढच्या महिन्यात कथा देता येणार नाही. कारण सांगत बसू नकोस, नवी तारीखही देऊ नकोस. त्यांच्याकडे दुसरी कथा मिळवायला अजून वेळ आहे, आणि तुला वहीसाठी तो महिना हवा आहे.

– तुझी ताई