मोबाईल, टॅब आणि कॅमेरा तिन्हींसाठी २५६ जीबीचं एकच स्वस्त मेमरी कार्ड घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की कार्ड निम्म्याहून कमी किमतीत मिळतंय, आणि शेवटी विचारलंय, 'कार्डं इथून तिथून सारखीच ना?' नाही, सारखी नसतात. अगदी हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी बारा वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. भाचीच्या हळदीला माझी कार्डं आदल्या दिवशीच्या मेंदीने भरली होती आणि रिकामी करायला वेळ नव्हता. दाजींनी खिशातून १२८ जीबीचं मायक्रो कार्ड काढून दिलं, मुंबईहून येताना स्वस्तात आणलेलं. मी ते अडॅप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात सरकवलं. परक्याचं लग्न असतं तर हात लावला नसता. घरचं कार्य, त्यात दाजी देतायत, नाही कसं म्हणायचं?

रात्री कार्ड लॅपटॉपला लावलं. फायलींची नावं ओळीने होती, प्रत्येकीपुढे पंचवीस-सव्वीस एमबी असा आकडाही होता. तीनशेच्या आसपास फोटो नीट उघडले. त्यापुढच्या एका फोटोत भाचीचं कपाळ आणि मुंडावळ्या दिसतात, नाकाखाली सगळा राखाडी पट्टा. पुढचा एकही उघडला नाही. त्यातच माझ्या आईचे फोटो होते. गुडघ्यावर हात ठेवत ती पाटापर्यंत आली होती आणि आंब्याचं पान हळदीत बुडवून नातीच्या गालाला लावत होती. पुढच्या वर्षी आई गेली.

दाजींचं म्हणणं आजही तेच आहे: 'कॅमेऱ्यावर फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिले. घरी नेल्यावर तूच काहीतरी पुसलंस.' तर नीट वाचा. क्लिक केल्याबरोबर मागच्या पडद्यावर जो फोटो येतो, तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरीतून येतो. तो कार्डावर उतरला की नाही, हे त्यावरून कळत नाही. डुप्लिकेट कार्डात चिप असते ८ जीबीची आणि आतल्या कंट्रोलरला, म्हणजे कार्डाचा कारभार बघणाऱ्या भागाला, १२८ सांगायला शिकवलेलं असतं. ८ भरले की पुढचं लिहिलेलं कुठेच जात नाही, किंवा जुन्यावर लिहिलं जातं. नावांची यादी मात्र शाबूत राहते. दाजींच्या मोबाईलमध्ये त्या कार्डावर चार गाणी होती, म्हणून त्यांना ते 'मस्त चालतंय' असं वाटत होतं.

आता तुमचं. तिन्हींना एकच कार्ड नको. मोबाईलने कार्ड अंतर्गत स्टोरेज म्हणून घेतलं की त्यावरचं सगळं एन्क्रिप्ट होतं, म्हणजे कुलूपबंद होतं, आणि ते कॅमेऱ्यात वाचता येत नाही. कॅमेऱ्याला २५६ च्या एका कार्डाऐवजी ६४ ची दोन घ्या. एक गेलं तर अर्धंच कार्य जाईल. कार्डावर व्ही३० किंवा यू३ छापलेलं बघा, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. फोरके व्हिडिओ १०० मेगाबिटने रेकॉर्ड केला तरी सेकंदाला साडेबारा एमबीच लागतात, त्यामुळे एवढं पुरतं. पुढे जो मोठ्ठा १७० वगैरे आकडा असतो तो बहुतेक वेळा वाचण्याचा वेग, त्याला भुलू नका. ए१, ए२ हे शिक्के ॲप्स कार्डावर ठेवणार असाल तरच बघायचे. टॅब जुना असेल तर तो ३२ जीबीच्या वरचं कार्ड घेतो का, ते आधी तपासा.

स्वस्त म्हणजे डुप्लिकेटच, असं नाही. सेलमध्ये खरी कार्डंही उतरतात. आणि महाग घेतलं म्हणून खरंच असेल, असंही नाही. म्हणून कुठूनही घ्या, बिल घ्या आणि पहिल्याच दिवशी एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. ते पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतं. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. ६४ चं कार्ड लॅपटॉपवर ५९ दाखवतं, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, भांडायला जाऊ नका.

ही चाचणी मी दाजींसमोर लावली होती. साडेसात जीबीच्या आसपास ठीक आणि बाकी सगळा 'डेटा लॉस्ट', लाल अक्षरांत. ते उठून मांडववाल्याचा हिशोब करायला गेले. ताई मात्र माझी उत्तरं वाचते. ताई, कार्ड अजून माझ्या बॅगेत आहे. आईचे फोटो मी पुसले नाहीत. ते कार्डावर कधी उतरलेच नव्हते.